मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने किती अंतर, किती तास? केदारखेड्याच्या दारापासूनचा पूर्ण हिशोब

केदारखेडा (ता. भोकरदन, जि. जालना) : मोबाईलवर 'मुंबई ते न्यूयॉर्क किती तास' असं टाकलं की लगेच उत्तर येतं, साधारण १५ ते १६ तास. उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. कारण हा वेळ फक्त मुंबईच्या धावपट्टीपासून न्यूयॉर्कच्या धावपट्टीपर्यंतचा आहे. केदारखेड्यातल्या घराचं दार ओढून घेतल्यापासून तिकडच्या घराचं दार उघडेपर्यंत त्याच्या दुप्पट वेळ लागतो. हा फरक माहीत नसला की दोन ठिकाणी पंचाईत होते. एक, पोरगं निघताना विमान हुकतं. दोन, गावाकडं काही बरंवाईट झालं, तर मुलगा मातीला पोहोचेल की नाही याचा अंदाज चुकतो.

शिक्षणासाठी, नोकरीसाठी, मजुरीसाठी किंवा मुलाबाळांना भेटायला परदेशी जाणारे लोक आता खेड्यापाड्यातही आहेत. त्यांच्यासाठी आणि घरी वाट पाहणाऱ्यांसाठी हा सगळा हिशोब एका ठिकाणी देत आहोत.

थोडक्यात माहिती

- मुंबई ते न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर : सुमारे १२,५४० किमी
- न थांबणाऱ्या विमानाने जाताना : साधारण १५ ते १६ तास
- न थांबणाऱ्या विमानाने येताना : साधारण १४ ते १५ तास
- वाटेत एक ठिकाणी विमान बदलून : साधारण २० ते २६ तास
- घड्याळातला फरक : न्यूयॉर्क आपल्या मागे, हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ तास
- केदारखेड्याच्या घरापासून न्यूयॉर्क विमानतळाबाहेर पडेपर्यंत : कमीत कमी ३० तास

१२,५४० किलोमीटर मोजले कसे?

भिंतीवरच्या जगाच्या नकाशात मुंबई आणि न्यूयॉर्क यांना पट्टीने जोडलं, तर रेघ अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक महासागरावरून जाते. पण विमान त्या रेघेने जात नाही. नकाशा सपाट असतो, पृथ्वी गोल.

हे समजायला आपल्या जालन्याची एक मोसंबी पुरे. मोसंबीवर पेनाने दोन टिंबं काढा, दोन्ही मध्याच्या थोडी वर आणि एकमेकांपासून बरीच लांब. आता एका टिंबापासून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणून धरा. दोरा आडवा राहत नाही, देठाकडे सरकतो. तोच सगळ्यात जवळचा रस्ता. मुंबई–न्यूयॉर्कचा सर्वात जवळचा मार्ग असाच उत्तर ध्रुवाच्या बाजूला वाकतो आणि मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया, आइसलँड-ग्रीनलँडची बाजू आणि कॅनडावरून खाली न्यूयॉर्कला उतरतो. १२,५४० किमी हा आकडा या वाकलेल्या रेषेचा आहे.

प्रत्यक्षात विमान यापेक्षा काहीशे किलोमीटर जास्त उडतं. वादळ टाळावं लागतं, ठरलेल्या हवाई वाटा पाळाव्या लागतात आणि काही देशांवरून जाता येत नाही. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली. त्यानंतर उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा घालावा लागला. रशियाने २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना आपल्यावरून जाऊ देणं बंद केलं आहे. त्यामुळे दोन शहरं तीच असली, तरी कंपनीप्रमाणे आणि काळाप्रमाणे प्रवासाचा वेळ कमी-जास्त होतो. कुणी म्हणतं 'आम्हाला पंधरा तास लागले', कुणी म्हणतं 'सतरा'. दोघंही खरं बोलतात.

अजून एक गोष्ट. काही वेबसाइटवर अंतर मैलात असतं. साधा मैल म्हणजे १.६०९ किमी. विमान आणि जहाजांसाठी वापरतात तो नॉटिकल मैल १.८५२ किमीचा. त्यामुळे हेच अंतर कुठे सुमारे ७,८०० मैल, तर कुठे सुमारे ६,७७० नॉटिकल मैल असं दिसेल. आकडे वेगळे, अंतर एकच.

तास काढायची सोपी रीत

मोठं प्रवासी विमान १० ते १२ किमी उंचीवर ताशी ९०० किमीच्या आसपास वेगाने जातं. पण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं आणि खाली उतरणं यात वेग कमी असतो. म्हणून अंदाजासाठी एक साधी रीत वापरा : अंतराला ८५० ने भागा आणि पाऊण तास मिळवा.

न्यूयॉर्क : १२,५४० भागिले ८५० म्हणजे पावणेपंधरा तास, अधिक पाऊण, म्हणजे साडेपंधरा तास.
दुबई : १,९३० भागिले ८५० म्हणजे सव्वादोन तास, अधिक पाऊण, म्हणजे तीन तास.

जाताना जास्त, येताना कमी : असं का?

रस्ता तोच, मग येताना तास-दीड तास का वाचतो? कारण वारा. विमान उडतं त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांचा वेग कधी ताशी १५० ते २०० किमीच्याही वर जातो. अमेरिकेला जाताना वारा समोरून येतो, येताना पाठीमागून ढकलतो. समोरच्या वाऱ्यात सायकल मारताना जो अनुभव येतो, तोच हा. हिवाळ्यात हे वारे अधिक जोरात असतात, म्हणून जाता-येतानाचा फरकही तेव्हा जास्त दिसतो.

एवढं अंतर न थांबता जायचं म्हणजे इंधनही तसंच लागतं. या मार्गावर वापरलेल्या बोईंग ७७७ जातीच्या मोठ्या विमानात सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावतं. उन्हाळ्यात गावात येणारा १२ हजार लिटरचा पाण्याचा टँकर डोळ्यासमोर आणा, तसे पंधरा टँकर. म्हणूनच सगळी विमानं एवढ्या लांब थेट जाऊ शकत नाहीत.

घड्याळाचा घोळ : तिकिटावर पाच तास, प्रवास साडेपंधरा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. तिकिटावर निघण्याची वेळ निघतो त्या शहराची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचतो त्या शहराची छापलेली असते. दोन्ही वेळा स्थानिक असतात.

उदाहरण घ्या. जानेवारीत मुंबईहून विमान १५ तारखेला रात्री ०१.३० ला निघालं. साडेपंधरा तास उडालं. भारतात तेव्हा १५ तारखेची संध्याकाळचे पाच वाजले. पण न्यूयॉर्क साडेदहा तास मागे. तिथे १५ तारखेची सकाळचे साडेसहा. म्हणजे तिकिटावर दिसतं : निघणे ०१.३०, पोहोचणे ०६.३०. वरवर पाहणाऱ्याला वाटतं, पाच तासांत अमेरिका!

येताना उलटं. न्यूयॉर्कहून १५ तारखेला दुपारी १२ ला विमान निघालं. भारतात तेव्हा रात्रीचे साडेदहा. चौदा तासांनी मुंबईत उतरलं, तेव्हा १६ तारखेची दुपारचे साडेबारा. तिकिटावरच्या वेळा पाहिल्या तर साडेचोवीस तास वाटतात. खरे तास चौदाच. अशा तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेशेजारी '+१' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी. '+२' म्हणजे तिसऱ्या दिवशी. मुलाला घ्यायला गाडी पाठवताना हे '+१' आधी बघा, नाहीतर गाडी एक दिवस आधीच मुंबईत जाऊन बसते.

खरे तास पाहायचे असतील, तर तिकिटावर 'एकूण कालावधी' वेगळा दिलेला असतो. तोच धरावा.

उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा

भारतात वर्षभर एकच वेळ चालते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. म्हणून आपला आणि न्यूयॉर्कचा फरक उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. युरोपातही असंच होतं, पण तिथे तारखा मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या. आखाती देशांत मात्र बदल होत नाही.

घरच्यांसाठी सोपी खूण : आपल्याकडे सकाळचे सात वाजले, की न्यूयॉर्कला आदल्या रात्रीचे साडेआठ किंवा साडेनऊ. आपल्याकडे दुपारी बारा-एकला फोन केला, तर तिकडं पोरगं मध्यरात्री झोपेत असतं.

मध्यरात्रीची तारीख : इथेच विमान हुकतं

मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं रात्री बारा ते पहाटे पाचच्या दरम्यान सुटतात. रेल्वेच्या आणि विमानाच्या घड्याळात रात्री बारा वाजले की तारीख बदलते. आपल्या बोलण्यात मात्र झोपून उठल्यावरच दुसरा दिवस उजाडतो.

तिकिटावर '१५ तारीख, ०१.३०' असेल, तर १४ तारखेच्या रात्रीच विमानतळावर हजर व्हायचं आहे. जो १५ तारखेला दिवसा घरून निघेल, त्याचं विमान तोपर्यंत अर्ध्या वाटेवर असेल. सर्वात स्वस्त तिकीट असेल, तर पैसेही परत मिळत नाहीत किंवा नावापुरते मिळतात. कर्ज काढून पोराला पाठवणाऱ्या घराला ही चूक परवडत नाही.

म्हणून तिकीट आल्यावर त्यावर पेनाने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा : 'घरून निघणे : १४ तारीख, वार अमुक, दुपारी इतके वाजता.' विमानाची वेळ घरच्यांच्या लक्षात नाही राहिली तरी चालेल, घरून निघायची वेळ मात्र पाठ असू द्या.

केदारखेड्याहून मुंबई विमानतळ : कोणत्या वाटेने?

समृद्धी महामार्गाने : केदारखेड्याहून राजूरमार्गे जालना, तिथून समृद्धी. नागपूर ते मुंबईजवळच्या आमणेपर्यंतचा हा ७०१ किमीचा महामार्ग ५ जून २०२५ रोजी इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर पूर्ण झाला. जालना त्याच्या साधारण मध्यावर येतं. महामार्गावर गाडी पळते, पण आमणे सोडल्यावर भिवंडी-ठाण्याची गर्दी लागते. चहापाणी धरून घरापासून विमानतळापर्यंत सात ते आठ तास हिशोबात ठेवा. मोठ्या सरळ रस्त्यावर चालकाला डुलकी लागते, म्हणून रात्रभर गाडी चालवून पोहोचण्यापेक्षा दिवसा निघणं बरं.

रेल्वेने : ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली, पुढे २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढवली. जालन्याहून मुंबईला तिला सुमारे सात तास लागतात. देवगिरी, नंदीग्राम या गाड्याही आहेतच. रात्रीच्या विमानासाठी दिवसा मुंबईत पोहोचवणारी गाडी सोयीची. विमान आणि रेल्वे यांच्यात किमान पाच-सहा तासांचं अंतर ठेवा, कारण गाडी उशिरा आली म्हणून विमान थांबत नाही.

विमानाने : छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ जालना रस्त्यावरच आहे. तिथून मुंबईचं हवाई अंतर सुमारे २८० किमी, वेळ साधारण एक तास. मात्र संभाजीनगर–मुंबई आणि मुंबई–न्यूयॉर्क ही तिकिटं एकाच क्रमांकावर काढलेली असावीत. वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्या कंपनीवर जबाबदारी राहत नाही.

कोणतं विमानतळ, हे आधी बघा : मुंबईत सहारचं छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, त्याचं टर्मिनल दोन आंतरराष्ट्रीय विमानांसाठी. त्याशिवाय ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथून विमानं उडू लागली. तिकिटावर बी-ओ-एम असेल तर सहार-सांताक्रूझ, एन-एम-आय असेल तर नवी मुंबई. दोन्हींत तासा-दोन तासांचं अंतर आहे. न्यूयॉर्कच्या बाजूलाही तसंच : जेएफके शहरात, तर नेवार्क शेजारच्या न्यू जर्सी राज्यात. घ्यायला येणाऱ्याला नुसतं 'न्यूयॉर्क' न सांगता विमानतळाचं नाव सांगा.

दारापासून दारापर्यंत : पूर्ण हिशोब

विमान १५ तारखेला रात्री ०१.३० ला, असं धरू.

- १४ तारीख, दुपारी १२ : केदारखेड्याहून गाडी निघाली
- रात्री ८ : विमानतळावर. वाटेत काही झालं तर हाताशी दोन तास
- रात्री १० ते १०.३० : सामान जमा करणे, पासपोर्ट तपासणी, सुरक्षा तपासणी यासाठी आत. सामान घेण्याची खिडकी साधारण एक तास आधी बंद होते, म्हणून तीन तास आधी आत असणं सुरक्षित
- १५ तारीख, रात्री १.३० : विमान निघालं
- संध्याकाळी ५ (तिकडे सकाळी ६.३०) : न्यूयॉर्कला उतरलं
- संध्याकाळी ६.३० (तिकडे सकाळी ८) : पासपोर्ट तपासणी, सामान घेऊन बाहेर

एकूण साडेतीस तास. त्यातला विमानातला वेळ साडेपंधरा. म्हणजे निम्माच. उरलेला निम्मा रस्त्यावर, रांगेत आणि वाट पाहण्यात जातो. मोबाईल दाखवतो तो पहिला निम्मा, आपल्याला सोसायचे असतात ते दोन्ही.

विमान बदलून जायचं असेल, तर यात आणखी पाच ते दहा तास मिळवा. तिकीट स्वस्त असतं, पण मधल्या विमानतळावर किती तास बसायचं हे पाहून घ्या. दोन विमानांत दोन तासांपेक्षा कमी वेळ असेल, तर पहिल्यांदा जाणाऱ्याची धावपळ होते. काही देशांत नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, तोही तिकीट काढण्यापूर्वी विमान कंपनीकडून विचारून घ्या. 'डायरेक्ट' आणि 'नॉनस्टॉप' यांतही फरक आहे. डायरेक्ट विमान वाटेत थांबू शकतं, फक्त विमान क्रमांक बदलत नाही. नॉनस्टॉप कुठेच थांबत नाही.

मातीला पोहोचेल का?

हा प्रश्न कुणी आधी विचारत नाही. वेळ आली की मात्र घरात, ओट्यावर, भावकीत सगळे तोच विचारतात. 'विमानाने चौदा तास, म्हणजे रात्रीपर्यंत येईल' असं कुणीतरी सांगतं आणि सगळं त्यावर थांबतं. खरा हिशोब असा आहे.

समजा, हिवाळ्यात सोमवारी सकाळी सात वाजता मुलाला न्यूयॉर्कला फोन गेला. तिकडे रविवारची रात्र साडेआठ. त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या विमानाची जागा मिळाली. आपल्याकडे तेव्हा सोमवारची रात्र साडेदहा. चौदा तासांनी, मंगळवारी दुपारी साडेबाराला तो मुंबईत. बाहेर पडायला दोन. तिथून आठ तास. मुलगा दारात येतो मंगळवारी रात्री दहाला. फोनपासून ३९ तास. विमान बदलून आला, तर बुधवारची पहाट किंवा सकाळ.

तोच मुलगा दुबईत असेल, तर? सोमवारी सकाळी सातला फोन, तिकडे पहाटेचे साडेपाच. दुपारी चारचं विमान मिळालं, म्हणजे आपल्याकडचे साडेपाच. रात्री साडेआठला मुंबई, दहाला बाहेर, मंगळवारी सकाळी सहाला घरी. फोनपासून २३ तास. विमान फक्त तीन तासांचं, तरी दिवस गेलाच.

सौदी अरेबियासारख्या देशात परदेशी कामगाराला बाहेर जाऊन परत येण्यासाठी वेगळा परवाना लागतो. तो मिळेपर्यंतचा वेळ वर धरलेला नाही. अमेरिकेतल्या मुलालाही परत जाताना व्हिसाची मुदत बघावी लागते.

म्हणून घरच्यांनी दोन गोष्टी कराव्यात. मुलाने तिकीट काढून मुंबईत उतरण्याची वेळ कळवल्याशिवाय अंत्यविधीची वेळ जाहीर करू नये. आणि त्या वेळेत किमान दहा तास मिळवून मगच थांबायचं की नाही ते ठरवावं. थांबायचं ठरलं, तर शीतपेटी किंवा रुग्णालयातल्या शवागाराची सोय ताबडतोब विचारावी. थांबणं शक्य नसेल, तर तसं मुलाला स्पष्ट सांगावं. तो विमानात चढल्यावर फोन लागत नाही. अर्धवट आशेवर चौदा तास बसून येण्यापेक्षा खरं कळलेलं बरं. आणि दहाव्याला किंवा तेराव्याला यायचं असेल, तर त्याला स्वस्त आणि सोयीचं तिकीट शोधायला वेळ मिळतो.

परदेशी असलेल्यांनीही पासपोर्ट, व्हिसा यांची मुदत संपू देऊ नये. एका तिकिटापुरते पैसे बाजूला असावेत. गावाकडच्या एका समजदार माणसाकडे आपला पत्ता, कंपनीचा फोन आणि पासपोर्टची प्रत असावी.

इतर शहरांचं अंतर आणि वेळ (मुंबईहून, न थांबता, अंदाजे)

- मस्कत : १,६०० किमी, अडीच ते तीन तास, घड्याळ दीड तास मागे
- दुबई : १,९३० किमी, तीन ते सव्वातीन तास, दीड तास मागे
- दोहा : २,३०० किमी, साडेतीन तास, अडीच तास मागे
- रियाध : २,७७० किमी, चार ते साडेचार तास, अडीच तास मागे
- जेद्दाह : ३,५०० किमी, पाच तास, अडीच तास मागे
- सिंगापूर : ३,९०० किमी, साडेपाच तास, अडीच तास पुढे
- फ्रँकफर्ट : ६,५७० किमी, साडेआठ ते साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन तास मागे
- लंडन : ७,२०० किमी, साडेनऊ ते दहा तास, हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तास मागे

पूर्वी किती दिवस लागायचे?

एअर इंडियाचं मुंबईहून लंडनला पहिलं विमान ८ जून १९४८ रोजी निघालं. 'मलबार प्रिन्सेस' नावाचं ते विमान कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. १९६० मध्ये बोईंग ७०७ जेट विमान आलं आणि एअर इंडियाची सेवा लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत पोहोचली. वाटेत न थांबता मुंबई–न्यूयॉर्क जाणारं एअर इंडियाचं विमान ऑगस्ट २००७ मध्ये सुरू झालं. बोटीने विलायतेला जायला जिथे आठवडे लागायचे, तिथे आता एक रात्र आणि एक दिवस लागतो.

वयस्कर आई-वडील जात असतील तर

- व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा. चालता येत असलं तरी मोठ्या विमानतळावर ती उपयोगी पडते, सोबत माणूसही मिळतो.
- बीपी, शुगरच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. इन्सुलिन घेत असतील, तर घड्याळ बदलल्यावर डोस कधी घ्यायचा हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.
- पंधरा तास एका जागी बसून पायांना सूज येते. दर दोन तासांनी उठावं, पाणी पीत राहावं.
- तिथे पोहोचल्यावर तीन-चार दिवस रात्री झोप लागत नाही, दिवसा डोळे मिटतात. शरीराचं घड्याळ अजून गावाकडच्या वेळेवर असतं. आजारपण समजून घाबरू नये. दिवसा उजेडात फिरावं.
- मुलाचा पत्ता आणि फोन नंबर इंग्रजीत कागदावर लिहून पासपोर्टमध्ये ठेवा. मोबाईलची बॅटरी संपली तर तोच कागद कामाला येतो.

घरी बसून विमान कुठे आहे ते कसं बघायचं?

तिकिटावरचा विमान क्रमांक, म्हणजे दोन अक्षरं आणि पुढचे आकडे, गूगलवर टाकला की विमान निघालं का, किती उशीर आहे आणि किती वाजता उतरेल ते दिसतं. फ्लाइटरडार२४ या ॲपवर नकाशात विमान सरकतानाही दिसतं. महासागरावर असताना विमान थोडा वेळ नकाशावरून दिसेनासं होतं. त्या भागात सिग्नल कमी पकडला जातो, म्हणून. घाबरायचं कारण नाही, काही वेळाने ते पुन्हा दिसू लागतं.

निघण्याआधी कागदावर लिहून ठेवा

१. विमानाची तारीख आणि वेळ, रात्री बारानंतरचं असेल तर आदल्या दिवसाचा वार
२. विमानतळाचं नाव आणि टर्मिनल
३. केदारखेड्याहून निघायची वेळ : विमानाच्या वेळेआधी किमान १३ तास
४. पोहोचण्याची तिकडची वेळ आणि आपली वेळ, दोन्ही
५. '+१' आहे का
६. घ्यायला येणाऱ्याचं नाव आणि फोन

हा कागद प्रवाशाच्या खिशात एक आणि घरात देवळीपाशी एक असू द्या. विमानांच्या वेळा आणि मार्ग हंगामाप्रमाणे बदलतात, त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी कंपनीच्या नंबरवर एकदा खात्री करून घ्या.